डावखुऱ्यांनो, गिटार कुठल्या हाताने वाजवायची ते आधी हातांना विचारा

गिटार शिकायचं ठरवलं की डावखुऱ्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो कुठली गिटार घेऊ हा नाही, कुठल्या हाताने वाजवू हा. आणि याचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. मलाही मिळालं होतं, "अगं गिटारला दोन्ही हात लागतात, आणि अवघड काम तर डाव्या हाताची बोटं करतात, म्हणजे तुला उलट फायदाच आहे, सरळ उजवी गिटार घे." ऐकायला एकदम पटतं हे. मी डावखुरी आहे, थोडे दिवस दोन्ही बाजूंनी वाजवून बघितल्यावर मी डावी गिटार (डाव्या हाताने तारा छेडायची) घेतली, आणि आता कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सूर) बऱ्यापैकी बदलता यायला लागल्यात तर हे लिहावंसं वाटतंय, कारण हा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो पण त्यात निम्मीच गोष्ट सांगितलेली असते.

जरा विचार करून बघा ना, फ्रेटवर (गिटारच्या लांब दांड्यावरच्या, म्हणजे नेकवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्यांपाशी) बोटं ठेवणारा हात जर खरंच जास्त महत्त्वाचा असता तर उजव्या लोकांनी ते काम आपल्या उजव्या हाताला दिलं असतं. नाही दिलं. त्यांनी चांगला हात तारा छेडायला ठेवला, आणि ते बरोबरच आहे, कारण गाणं चालतं ते त्या हातावर. कॉर्ड चुकली तर एक सूर वाईट लागतो आणि पुढच्या ठोक्याला माणूस सावरतो, पण ताल सुटला की सगळंच सुटतं. फ्रेटवरची बोटं कुठे जायची हे शिकून घेता येतं, हळूहळू का होईना पाठ होतं. छेडणाऱ्या हाताला मात्र किती जोरात, कधी हलकं, कुठे तार न छेडताच हात फिरवायचा, हे सगळं न विचारता कळावं लागतं.

हे मला सगळ्यात साध्या पॅटर्नवर कळलं, डाऊन डाऊन अप, अप डाऊन अप, जो सगळेच सुरुवातीला शिकतात. त्यात खरी गोम अशी आहे की हात थांबवायचाच नसतो, तो झोपाळ्यासारखा खाली वर खाली वर चालूच ठेवायचा, फक्त मधल्या एका डाऊनला तारांना न लागता खाली जाऊ द्यायचा. एका ओळखीच्यांची उजवी गिटार घेऊन मी हे उजव्या हाताने करायला गेले तर हात प्रत्येक स्ट्रोकला डोक्याकडून परवानगी मागत होता, मनगट ताठ, कोपरापासून सगळा हात हलतोय, आणि तो मोकळा जाणारा स्ट्रोक आला की हात सरळ थांबायचा. मग तीच गिटार उलटी धरली, तारा उलट्या होत्या त्यामुळे कॉर्ड वगैरे काही नाही, नुसत्या तारा हाताने झाकून डाव्या हाताने तोच पॅटर्न वाजवला, आणि तो चालायला लागला, मी समोरच्याशी बोलत होते तरी चालू राहिला. माझ्यापुरता प्रश्न तिथेच सुटला.

तर हे तुम्हीही करून बघा. टेबलावर ताल धरा, कुठला हात आपोआप मुख्य ठोका घेतो ते बघा. टाळी वाजवताना कुठला हात हलतो आणि कुठला स्थिर राहतो. हातात काही नसताना गिटार वाजवल्यासारखं करा. यातलं एक काहीतरी उजवीकडे जाईल आणि एक डावीकडे, तेव्हा एकावरच निकाल लावू नका, पण दोन्ही बाजूंनी गिटार धरून थोडे दिवस नुसतं स्ट्रमिंग, म्हणजे तारा छेडणं, करून बघितलं की शरीर सांगतंच. आणि लिहायचा हात हाच निकष धरू नका. साधारण दहातला एक माणूस डावखुरा असतो पण त्या दहाव्या माणसातही किती प्रकार असतात, लिहितो डाव्याने, चेंडू फेकतो उजव्याने, कात्री उजव्याने धरतो, असं सगळं मिसळलेलं असतं.

उजव्या गिटारवर वाजवणारे डावखुरे कमी नाहीत हेही सांगायला पाहिजे, नाहीतर माझीच बाजू सांगितल्यासारखं होईल. गिटारवादक मार्क नॉफ्लर डावखुरे आहेत आणि उजवी गिटार वाजवतात. गॅरी मूर तसेच, रॉबर्ट फ्रिप तसेच. म्हणजे ज्याला उजवीकडे धरून सहज वाटतंय त्याने बिनधास्त उजवी घ्यावी, दुकानात निवड भरपूर मिळेल, कुणाचीही गिटार उचलून वाजवता येईल. माझं भांडण फक्त एवढ्यावर आहे की "सगळे तसंच वाजवतात" म्हणून धरू नका. व्हायोलिनवाल्यांना निदान ऑर्केस्ट्रात एका रांगेत बसून एकाच बाजूला बो चालवावा लागतो, गिटारवाल्याला असली कुठलीच अडचण नाही.

आणि अजून एक, याबद्दल कुणी बोलत नाही. डावखुऱ्या माणसाचा उजवा हात तसा कच्चा नसतो. माऊस उजव्या हाताने, कात्री उजव्या हाताने, दाराच्या कड्या, यंत्रांची बटणं, सगळं जग उजव्यांसाठी बनवलेलं असल्याने आपला उजवा हात लहानपणापासून कामाला लागलेला असतो. बहुतेक उजव्या लोकांच्या डाव्या हाताला एवढा सराव नसतो. म्हणजे आपण डावी गिटार घेतली तर फ्रेटवर जो हात जातो तोही तयारीचा असतो. मला तरी बोटं वेगवेगळी हलवायला फारसा त्रास झाला नाही, बोटांची टोकं दुखली ती सगळ्यांचीच दुखतात, आणि कातडी घट्ट झाली की थांबतं ते.

आता दुसरा सल्ला, जो मला पहिल्यापेक्षाही जास्त खटकतो, "साधी गिटार घे आणि तारा उलट्या लाव, झालं काम." नाही होत. निदान स्टील तारांच्या ॲकॉस्टिकवर तरी एवढ्यात नाही होत. गिटारच्या वरच्या टोकाला, जिथे नेक संपून हेडस्टॉक (खुंट्यांचा भाग) सुरू होतो, तिथे एक पांढरी पट्टी असते, तिला नट म्हणतात, त्यात सहा खाचा असतात आणि प्रत्येक खाच त्या त्या तारेच्या जाडीची कापलेली असते. नेहमीच्या लाईट सेटमध्ये पहिली, सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंचाची आणि सहावी, सगळ्यात जाड ०.०५३ इंचाची, म्हणजे चौपटीहून जास्त फरक. तारा उलट्या लावल्या की जाड तार बारीक खाचेत बसतच नाही, वरच्या कडेवर अडकून राहते, बोट दाबताना ती उंच लागते आणि पहिल्या फ्रेटवर सूर चढतो. आणि बारीक तार त्या रुंद खाचेत इकडेतिकडे सरकते, खोल जाते, मोकळी वाजवली की फ्रेटला घासून झिणझिण आवाज. मी हे जवळून बघितलंय, ओळखीतल्या एकाने अशीच उलटवलेली गिटार शिकायला घेतली होती, ट्यूनरवर मोकळी तार बरोबर दिसायची आणि सी कॉर्ड धरली की बेसूर, आणि त्याला वाटत होतं त्याच्याच बोटांत काहीतरी कमी आहे. याचं मला खरंच वाईट वाटतं, नवीन शिकणारा माणूस वाद्याचा दोष स्वतःवर घेतो.

नट बदलता येतो, गिटार दुरुस्त करणारा माणूस उलट खाचांचा करून देतो. पण खाली ब्रिजवर, जिथे तारा बॉडीला अडकवतात, सॅडल असतं ना, ती पांढरी पट्टी, ती नीट बघा, ती सरळ नसते, तिरकी असते. जाड तारेला थोडी जास्त लांबी लागते म्हणून त्या बाजूचं टोक नटपासून थोडं लांब ठेवलेलं असतं. तारा उलटल्या की हा हिशोबही उलटतो, जाड तार आखूड पडते आणि वर वर जाल तसा तिचा सूर चढत जातो, बारीक तारेचा उतरत जातो. सॅडलची खाच ब्रिजच्या लाकडातच कोरलेली असल्याने ते बदलणं म्हणजे खरं सुतारकाम. शिवाय पिकगार्ड (बॉडीवर ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली पातळ पट्टी) चुकीच्या बाजूला, आणि नेकच्या कडेवर ३, ५, ७, ९, १२ या फ्रेटजवळ जे छोटे ठिपके असतात, ज्यांच्याकडे बघत आपण सुरुवातीला वाजवतो, ते जमिनीकडे तोंड करून बसतात. इलेक्ट्रिकला तर व्हॉल्यूमचं बटणच हाताखाली येतं, वाजवता वाजवता कोपराने आवाज कमी.

नायलॉन तारांची क्लासिकल गिटार मात्र याला बरीचशी अपवाद आहे. तिचं सॅडल बहुतेक वेळा सरळ असतं, पिकगार्ड नसतं, बॉडी दोन्हीकडे सारखी, त्यामुळे नट बदलून तारा उलट्या लावल्या तर ती बऱ्यापैकी सुरात राहते.

आता कुणी म्हणेल की जिमी हेन्ड्रिक्सने काय केलं मग, त्या प्रसिद्ध गिटारवादकाने उजवी स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटारच उलटी धरली होती की. हो, आणि तारा बदलून घेतल्या होत्या, म्हणजे जाड तार त्याच्यासाठी वरच होती. पण स्ट्रॅटोकास्टरच्या ब्रिजवर प्रत्येक तारेचं सॅडल वेगळं असतं, स्क्रूने पुढेमागे करता येतं, म्हणून सूर जुळवता येतो. ॲकॉस्टिकवर ही सोय नाही. उलट त्याच्या गिटारवर ब्रिजजवळचा तिरका पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) उलटा झाल्याने जाड तारांचा आवाज जास्त धारदार आणि बारीक तारांचा थोडा मऊ यायचा, म्हणजे त्या उलटेपणाचाही त्याच्या आवाजात वाटा होता.

दुसरीकडे तारा न बदलता नुसती गिटार उलटी करून वाजवणारे आहेत, त्यांच्याबद्दल वाचताना मला दरवेळी भरून येतं. ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंग तसे वाजवायचे, बारीक तारा वरच्या बाजूला, त्यामुळे सूर वाकवताना बाकीचे जिथे तार वर ढकलतात तिथे ते खाली ओढायचे, आणि त्यांच्या त्या बेंडमध्ये जो दम आहे त्यामागे हेही एक कारण आहे. डिक डेलही तसेच. आणि एलिझाबेथ कॉटन, नॉर्थ कॅरोलायनाच्या, लहानपणी भावाचा बँजो चोरून वाजवत वाजवत स्वतःच शिकल्या, शिकवायला कुणी नाही, मग गिटारही उलटीच धरली. बाकीचे अंगठ्याने बेस आणि बोटांनी धून वाजवतात, त्या बोटांनी बेस आणि अंगठ्याने धून. मधली कितीतरी वर्षं त्यांनी गिटार हातात धरली नव्हती, आणि पहिला अल्बम १९५८ मध्ये आला तेव्हा त्यांची साठी उलटून गेलेली होती. आज त्यांच्या नावाने ती पद्धत ओळखली जाते, कॉटन पिकिंग, आणि उजवे लोक ती मुद्दाम शिकतात.

पण नवीन शिकणाऱ्याला मी हा रस्ता सुचवणार नाही. सगळ्या कॉर्ड्सची बोटं स्वतः शोधावी लागतात, काही आकार हाताला बसतच नाहीत, आणि मदत करायला जवळपास कुणी सापडत नाही. हां, कधी कुणाकडे गेलात आणि उजवीच गिटार समोर आहे तर तेवढ्यापुरत्या ई मायनर, ए मायनर असल्या दोनतीन सोप्या कॉर्ड्स उलट्या धरून यायला हरकत नाही, मी शिकून ठेवल्यात.

बीटल्सच्या पॉल मॅकार्टनींची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. वडिलांनी दिलेला ट्रम्पेट देऊन त्यांनी गिटार आणली, उजवीकडे धरून काही केल्या जमेना, आणि मग स्लिम व्हिटमन या गायकाचा डावीकडे गिटार धरलेला फोटो बघून त्यांच्या लक्षात आलं की अरे, असंही चालतं. एका फोटोने! पुढे १९६१ मध्ये हॅम्बुर्गला त्यांनी तो व्हायोलिनच्या आकाराचा होफनर कंपनीचा बेस गिटार घेतला, तो दोन्ही बाजूंनी सारखा दिसत असल्याने डावीकडे धरला तरी विचित्र दिसत नव्हता हेही त्याचं एक कारण त्यांनी सांगितलंय. आपल्यासारखं कुणीतरी समोर दिसणं किती गरजेचं असतं बघा.

बरं, डावी गिटार घेतली, आता शिकायचं कसं. कॉर्डचे चौकटीतले आकडे आणि ठिपके उजव्या गिटारसाठी काढलेले असतात, डावीकडची उभी रेघ म्हणजे जाड तार. आपल्याला ते आरशात बघितल्यासारखं उलटून घ्यावं लागतं. डावखुऱ्यांसाठी उलटे काढलेले चार्ट मिळतात आणि सुरुवातीला ते बरे पडतात, पण मला सगळ्यात उपयोग झाला तो कॉर्ड आकृतीवरून न शिकता तारांच्या नंबरवरून शिकण्याचा. सी म्हणजे पाचवी तार तिसरा फ्रेट, चौथी तार दुसरा, दुसरी तार पहिला, बाकी मोकळ्या, सहावी वाजवायची नाही. असं तोंडाने म्हणत बोटं ठेवली की डावं उजवं हा प्रश्नच राहत नाही. टॅबला (तारांच्या ओळींवर फ्रेटचे आकडे लिहिलेली पद्धत) तर काही बदलच नाही, टॅबमध्ये फक्त तार आणि फ्रेट असतो, सगळ्यात वरची ओळ पहिली तार, ती तुमच्याकडेही पहिलीच आहे. पुस्तकात "डावा हात" लिहिलेलं असेल तर तिथे दाबणारा हात असं वाचायचं आणि "उजवा हात" दिसला की छेडणारा हात.

आणि शिक्षक उजवे असतील तर घाबरू नका, समोर बसा. त्यांचा फ्रेटवरचा हात तुमच्या उजवीकडे येतो आणि तुमचाही फ्रेटवरचा हात उजवाच, म्हणजे समोर अक्षरशः आरसा. उजव्या विद्यार्थ्यांना हे मिळत नाही, त्यांना मनातल्या मनात उलटं करावं लागतं. व्हिडिओचंही तसंच, समोरून घेतलेला असेल तर तो तसाच बघा, उगाच उलटा करू नका, फक्त वाजवणाऱ्याच्या खांद्यावरून घेतलेला असेल तर प्लेअरमधून आडवा फिरवून घ्या. शिक्षक निवडताना मी मात्र एकच गोष्ट बघेन, डावी गिटार बघून ते पहिल्या दिवशी काय म्हणतात. "आधी हात बदल मग शिकवतो" म्हणणाऱ्यांकडे मी गेले नाही, आणि बरं झालं.

घेताना निवड कमी मिळते हे खरं आहे, एखादं मॉडेल आवडतं आणि ते डाव्या हाताचं येतच नाही, रंगही मोजकेच. त्यात काही वेळा उजवीच गिटार तारा उलटून "लेफ्टी" म्हणून समोर येते. ओळखायचं कसं, तर सॅडलचं तिरकेपण बघा, जाड तारेकडचं टोक नटपासून लांब असलं पाहिजे. कडेचे ठिपके वाजवताना तुमच्या डोळ्यांकडे आले पाहिजेत. पिकगार्ड असेल तर ते बारीक तारांच्या बाजूला. मग बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं हलकं टेकवून सूर काढा, त्याच जागी दाबून काढा, दोन्ही सारखे आले पाहिजेत. आणि प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून बघा कुठे झिणझिण येतेय का, याला पाच मिनिटं लागतात आणि पुढचा बराच मनस्ताप वाचतो. बाकी सामानात फारसा घोळ नाही, पिक दोन्ही हातांना सारखंच, चिमट्यासारखा कॅपो (नेकवर सगळ्या तारा दाबून धरणारा) उलट बाजूने लावला तरी चालतो, फक्त अंगठ्यात घालायचं थंबपिक डाव्या हाताचं वेगळं मागावं लागतं.

सध्या माझं एफ कॉर्डचं काम चालू आहे, म्हणजे पहिल्या फ्रेटवर एक बोट सहाही तारांवर आडवं. नटच्या अगदी जवळ असल्याने तार तिथे दाबायला सगळ्यात जड जाते, म्हणून मी तोच आकार आधी पाचव्या फ्रेटवर धरते, तिथे तो ए होतो, आणि मग एकेक फ्रेट मागे येते. पहिलं बोट सपाट न ठेवता अंगठ्याच्या बाजूला किंचित कलतं केलं, हाडाच्या कडेवर, की दुसरी तार वाजायला लागते. अजून पहिल्या फ्रेटवर दर वेळी येत नाही पण येतं तेव्हा सहाही तारा स्वच्छ येतात आणि फार छान वाटतं.

ज्यांच्या घरी डावखुरं मूल गिटार मागतंय त्यांच्यासाठी एवढंच, आधी काही न सांगता त्याच्या हातात गिटार द्या आणि ते कसं धरतंय ते दोनचार वेळा वेगवेगळ्या दिवशी बघा. ठरत नसेल तर एखादी जुनी नायलॉन तारांची गिटार मिळवा, थोडे दिवस आहे तशी वाजवू द्या, मग उलटा नट बसवून तारा फिरवा आणि तेवढेच दिवस तशी वाजवू द्या, आणि मग नवीन कुठली घ्यायची ते त्यालाच विचारा.